कोकणात राहून युरोपियन स्पोर्ट्स सेडान घ्यायची तर: वेग किती, भरवसा किती

जुलै महिना, आंबा घाट, संध्याकाळचे साडेसहा. धुक्यात पुढचं वळण दिसत नव्हतं, मागच्या सीटवर मुलगी झोपलेली, आणि डॅशबोर्डवर इंजिन तापल्याची लाल खूण लागली. गाडी घेऊन जेमतेम पाच महिने झाले होते. कूलंटच्या पाईपचं प्लास्टिकचं तोंड ठिसूळ होऊन तडकलं होतं, एवढंच निमित्त. पार्ट काही हजारांचा, पण जवळपास कुणाकडे नाही. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रक, कोल्हापूरहून यायला साडेतीन तास लागले आणि गाडी हातात यायला एकोणीस दिवस. गाडी कुठल्या कंपनीची होती ते सांगत नाही, कारण चूक माझी होती. मी तिची ताकद बघून पैसे मोजले होते, सर्व्हिसची फाईल मागितलीच नव्हती.

ती गाडी विकली. दुसरी शोधायला आठ महिने लावले. तीही जुनी, तीही युरोपियन, पण गेली चार वर्षं रत्नागिरीहून पुणे, मुंबई, गोवा अशी सगळीकडे जाते आणि घाटात अजून कधी थांबलेली नाही. त्या आठ महिन्यांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. तुम्ही पहिल्यांदाच अशी गाडी घेत असाल आणि घर कोकणपट्टीत असेल, तर भरवशाचा हिशोब करताना वर्कशॉपपर्यंतचं अंतर, खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस हे सगळं धरावं लागतं. मुंबई-पुण्याच्या लोकांचे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात.

१. तुमचा रस्ता कोणता, ते आधी लिहून काढा

० ते १०० किती सेकंदांत, हा आकडा आपल्याकडे फारसा कामाला येत नाही. कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा आंबोली चढताना लागतो तो खालच्या आरपीएमला मिळणारा टॉर्क, म्हणजे इंजिनची खेचण्याची ताकद. समोर ट्रक, पलीकडून एसटी, मध्ये दोनशे मीटरची मोकळी जागा. तिथे ४० वरून ८० ला गाडी किती पटकन जाते आणि पुढच्या वळणाआधी किती शांतपणे थांबते, याला मी परफॉर्मन्स म्हणतो. १९० हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटरची डिझेल सेडान घाटात कुणालाही कमी वाटणार नाही.

महिन्याला किती किलोमीटर, त्यातले गावातले किती आणि हायवेचे किती, घरापर्यंतचा रस्ता डांबरी की चिऱ्यांचा, वाटेत गतिरोधक किती, हे कागदावर मांडा. रोज बाजारापर्यंत चार किलोमीटर आणि महिन्यातून एकदा मुंबई, असा वापर असेल तर डिझेल घेऊ नका. डिझेलच्या धुराची काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर साफ व्हायला गाडी सलग वेगात चालावी लागते. नुसत्या गावातल्या फेऱ्यांनी तो तुंबतो, आणि बदलायचा झाला तर बिल लाखांत जाऊ शकतं. उलट दर आठवड्याला राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून लांब जाणं असेल, तर डिझेलसारखं सुख नाही.

२. पैशांचे दोन भाग करा

हातात २५ लाख असतील तर गाडी २० ची बघा. उरलेले पाच पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका. नव्या मालकाला लगेच लागणारा खर्च ठरलेला असतो: चार टायर, ब्रेकचे पॅड आणि डिस्क, गिअरबॉक्सचं तेल, सस्पेन्शनचे रबरी बुश, बॅटरी, विमा. गाडी मूळची ५०-६० लाखांची असते. तिची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. पहिल्यांदा घेणारे बहुतेक जण इथेच फसतात.

३. इंजिन आणि गिअरबॉक्स निवडा, बॅज नंतर

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांच्या अंतराने वेगळं इंजिन असतं, आणि भरवसा त्यावर ठरतो.

बीएमडब्ल्यू ३ सिरीजची एफ३० पिढी आपल्याकडे २०१२ पासून आली. त्यातल्या सुरुवातीच्या ३२०डी मध्ये एन४७ डिझेल इंजिन आहे, १८४ हॉर्सपॉवरचं. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारी साखळी, इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. चेनचं काम निघालं की इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. नंतरच्या गाड्यांत बी४७ आलं, १९० हॉर्सपॉवरचं. बजेट मर्यादित असेल तर ते शोधा. पेट्रोल ३२८आय मधलं एन२० इंजिन चालवायला फार गोड आहे, पण त्याच्या चेनचे प्लास्टिकचे गाइड झिजून तुटण्याची तक्रार जगभर झाली. त्याची फाईल पूर्ण नसेल तर नाद सोडा.

जी२० पिढी भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये आली. ३३०आय मधलं बी४८ इंजिन २५८ हॉर्सपॉवर आणि ४०० न्यूटन मीटर देतं. वेग आणि भरवसा दोन्ही एकाच गाडीत मागणाऱ्याला मी आज हेच नाव आधी सांगेन. मार्च २०२१ मध्ये आलेल्या एम३४०आय एक्सड्राइव्हमध्ये तीन लिटरचं सहा सिलिंडरचं बी५८ आहे: ३८७ हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर, १०० चा वेग ४.४ सेकंदांत. हे इंजिन मजबूत म्हणून नावाजलेलं आहे, आणि पावसात ओल्या घाटावर चारही चाकांना मिळणारी ताकद खरोखर धीर देते. पण टायर, ब्रेक आणि विमा या तिघांचं बिल त्याच तोलामोलाचं येतं. ते झेपणार असेल तरच हात घाला.

या गाड्यांतला झेडएफ कंपनीचा आठ स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टॉर्क कन्व्हर्टरचा आहे, म्हणजे ताकद क्लचऐवजी तेलातून पुढे जाते. घाटात ट्रकच्या मागे मुंगीच्या पावलांनी चढताना तो सहसा तापत नाही, हिसके देत नाही. गाडी विकणारी कंपनी त्याचं तेल आयुष्यभराचं म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदलायला सांगते. बनवणाऱ्याचं ऐका.

ऑडी ए४ ची बी८ पिढी घेताना टीएफएसआय, म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनबद्दल एकच प्रश्न विचारा: दोन सर्व्हिसच्या मध्ये इंजिन ऑइल किती भरावं लागतं? त्या काळच्या इंजिनांत पिस्टन रिंगमुळे ऑइल खाण्याचा दोष होता. पुढच्या बी९ पिढीत तो बराच निवळला. बी९ शांत, नेटकी, लांबच्या प्रवासाची गाडी आहे. मर्सिडीजची सी-क्लास आरामासाठी घ्या. तीक्ष्ण स्टिअरिंग हवं असणाऱ्याने ती चालवून बघून ठरवावं.

आता स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २०१७ मध्ये आली ती २३० हॉर्सपॉवरची, २०२० मध्ये आली ती २४५ ची आणि तिच्या फक्त २०० गाड्या भारतात आल्या. दोन्हींना ओला, म्हणजे तेलात बुडालेला क्लच असलेला डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे. साध्या ऑक्टाव्हियाच्या १.८ टीएसआय मध्ये मात्र सात स्पीडचा कोरड्या क्लचचा डीएसजी येतो. रांगेत थांबत-थांबत चढताना कोरडा क्लच तापतो, आणि त्याचं मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलणारा कॉम्प्युटर आणि व्हॉल्व्ह) बिघडण्याच्या तक्रारी सर्वांना माहीत आहेत. विकणारा ‘डीएसजी आहे’ एवढंच सांगेल. ओला की कोरडा, ते तुम्ही विचारा. ओल्या क्लचचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदललेलं असायला हवं, आणि त्याची पावतीही. कोकणातल्या माणसासाठी व्हीआरएस ही फार समजूतदार निवड आहे. डिकी प्रचंड, आंब्याच्या पेट्या सहज बसतात, आणि बरेचसे पार्ट फोक्सवॅगनच्या इतर गाड्यांशी जुळतात.

एक सावधगिरी. जुनी टर्बो पेट्रोल गाडी रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललेली असू शकते. विकण्याआधी मालक मूळ सॉफ्टवेअर परत टाकतो, त्यामुळे कागदावर काही दिसत नाही. मोठा इंटरकूलर, बदललेला सायलेन्सर, वेगळा एअर फिल्टर दिसला किंवा ते बसवल्या-काढल्याच्या खुणा दिसल्या, तर सरळ विचारा.

४. गाडी बघायला निघण्याआधी फाईल मागवा

नंबर आणि चेसिस नंबर घ्या. वाहन पोर्टलवर मालक कितवा, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, चलन किती थकलेत, हे पाहून घ्या. चेसिस नंबर देऊन अधिकृत वर्कशॉपमधून सर्व्हिसची नोंद मिळवायला मालकालाच सांगा. प्रामाणिक मालक ती एका दिवसात पाठवतो. ‘बाहेर सर्व्हिस केली, पण सगळं ओरिजिनल टाकलं’ असं म्हणणाऱ्याकडे पार्टच्या पावत्या मागा. पावती नाही तर ते काम झालंच नाही असं धरून भाव करा.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी सुचवणारे दलाल भेटतील. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती, म्हणून त्या स्वस्तात निघू लागल्या. एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स, वाहतूक आणि हेलपाटे धरले की स्वस्ताई संपते. एमएच पासिंगचीच बघा.

५. पुराची गाडी ओळखायला शिका

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, तेव्हा किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आपण पाहिलंय. कोल्हापूर-सांगलीला २०१९ आणि २०२१ ला तेच झालं. अशा काही गाड्या धुऊन, पॉलिश होऊन पुन्हा बाजारात येतात. युरोपियन गाडीत कंट्रोल युनिट आणि वायरिंग सीटखाली, डिकीत, गालिच्याखाली असतं. एकदा पाणी शिरलं की दोन-तीन वर्षांनीसुद्धा एकेक दोष डोकं काढतो.

सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत ओढा. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला कोणी धूत नाही. मी एक गाडी जवळजवळ पक्की केली होती. मागचा पट्टा टोकापर्यंत ओढला तर शेवटच्या वीतभर भागावर चहाच्या डागासारखी तांबूस आडवी रेघ होती, आणि बोटाने घासल्यावर बारीक गाळ निघाला. बाहेरून ती गाडी आरशासारखी होती. मग सीटच्या रुळांचे स्क्रू, डिकीचा तळ, गालिच्याखालचा फोम आणि फ्यूजबॉक्सचे कोपरे टॉर्चने बघा. वायरच्या जोडावर हिरवट पूड दिसली तर समजून जा. काचा बंद करून पाच मिनिटं आत बसा. ओलसर गोणपाटासारखा वास अत्तराने झाकत नाही.

किनाऱ्यावरची गाडी पुरातून वाचलेली असली तरी खाऱ्या हवेतून सुटलेली नसते. मालवण, देवगड, गुहागर अशा समुद्रालगतच्या गावात उघड्यावर उभी राहणारी गाडी खालून बघितल्याशिवाय घेऊ नका. ब्रेकच्या लोखंडी नळ्या, मागची सबफ्रेम, सायलेन्सरचे जोड आणि अलॉयच्या कडेला रंगाखाली आलेले फोड, या चार ठिकाणी गंज सर्वात आधी दिसतो.

६. थंड इंजिन, स्कॅनर आणि घाट

मालकाला आदल्या दिवशीच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा पिऊन दोन-तीन तासांनी परत या. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले पाच सेकंद चेनचा आवाज लपत नाही. साखळी डब्यात हलवल्यासारखी खरखर आली की तिथेच थांबा.

गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारा स्कॅनर सोबत ठेवा. बीएमडब्ल्यूसाठी बिमरलिंक, फोक्सवॅगन गटासाठी ओबीडीइलेव्हन अशी मोबाईलवर चालणारी साधनं मिळतात. नुसते फॉल्ट कोड बघून समाधान मानू नका. ‘रेडिनेस मॉनिटर’ बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या केलेल्या चाचण्या पूर्ण झाल्यात का ते. ते अपूर्ण दिसले तर कोणीतरी नुकतेच कोड पुसलेत किंवा बॅटरी काढली आहे. मग शंभरेक किलोमीटर चालवल्यानंतर पुन्हा तपासणी, ही अट घाला.

मग घाट. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर बघत असाल तर आंबा, चिपळूणला कुंभार्ली, सावंतवाडीला आंबोली. एसी लावून, चौघे बसून, निदान अर्धा तास. चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हिसका येतो का, तापमान हलतं का, ते बघा. उतारावर पाय सोडून गाडी इंजिनवर उतरू द्या आणि सपाटीला एकदम ॲक्सिलरेटर दाबा. मागच्या गाडीतल्या मित्राला निळा धूर दिसला, तर ऑइल जळतंय. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क वाकल्यात. मालक घाटात न्यायला तयार नसेल तर आभार मानून परत या.

७. लिफ्टवर चढवा

पाचशे-हजार रुपये लागतील, पण याला पर्याय नाही. सेडान खालून घासलेली असणारच. चौपदरीकरणाच्या डायव्हर्जनवर कोणाची सुटलेली नाही. ऑइल पॅनला चीर आहे का, कंट्रोल आर्मचे बुश फाटलेत का, टर्बो आणि ऑइल फिल्टर हाऊसिंगच्या खाली ओल आहे का, ते बघा. टायरवरच्या शेवटच्या चार आकड्यांतून आठवडा आणि वर्ष कळतं: ‘२३२१’ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी ओल्या रस्त्यावर भरवशाचा नाही.

बऱ्याच बीएमडब्ल्यूंना रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही थोडं चालणारे टायर असतात आणि स्टेपनी नसते. पंक्चरनंतर साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, एवढीच मुभा. रात्री राजापूरच्या पुढे पंक्चर झालं तर त्या साइजचा टायर कुठे मिळेल, हे आत्ताच विचारून ठेवा.

८. मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर

गाडी पसंत पडल्यावर मी आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला, “दादा, ब्रेक, बुश, ऑइल मी करीन. पण कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे आणू नका, मी तुम्हाला फसवणार नाही.” असा माणूस जपा. कॉम्प्युटरच्या कामासाठी कोल्हापूर, गोवा किंवा पुण्यातला त्या ब्रँडवरच काम करणारा स्वतंत्र मेकॅनिक गाठा, गाडी घेण्याआधी प्रत्यक्ष भेटून या. बीएमडब्ल्यूत साधी बॅटरी बदलली तरी ती गाडीच्या सिस्टीममध्ये नोंदवावी लागते. हे माहीत नसलेला इलेक्ट्रिशियन नवी बॅटरी वर्षभरात मारतो.

रोडसाइड असिस्टन्स घेताना विचारा: फ्लॅटबेडच येईल ना, आणि माझ्या गावापर्यंत येईल का? चारही चाकांना ताकद जाणारी गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर ती ताकद वाटणारा ट्रान्सफर केस जातो. उत्तर लेखी घ्या.

९. लागणारे कागद

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांचे
- कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५
- परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- दोघांचे आधार, पॅन, फोटो, पत्त्याचा पुरावा
- दोन्ही चाव्या, सर्व्हिसची फाईल, व्हील लॉकची किल्ली
- १ एप्रिल २०१९ आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटी बसवल्याची पावती

सगळे पैसे बँकेतून द्या. थकलेली चलनं विकणाऱ्यानेच भरायची, हे व्यवहारात लिहून घ्या. विमा नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. जुन्या मालकाचा बोनस तुम्हाला मिळत नाही, तेवढा फरक भरावा लागतो. तो न भरता पॉलिसी तशीच चालवली तर क्लेमच्या वेळी अडचण येते.

१०. पहिला पावसाळा येण्याआधी

इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड सगळं एकदम बदला, मालकाने कालच बदललं म्हटलं तरी. कूलंटचे प्लास्टिकचे जोड, थर्मोस्टॅट हाऊसिंग, वॉटर पंप यांचं वय सहा वर्षांवर असेल तर तेही आत्ताच करून टाका. माझा घाटातला प्रसंग एवढ्या कामाने टळला असता. पुढे इंजिन ऑइल मी ८,००० किलोमीटरला बदलतो, गाडी पंधरा हजार सांगत असली तरी.

विम्यात इंजिन प्रोटेक्शन घ्याच. रस्त्यावर पाणी भरलेलं असताना गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट मारू नका. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन संपतं. ढकलून बाजूला घ्या, फोटो काढा, फ्लॅटबेड बोलवा.

पेट्रोल कुठलं चालतं ते टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. बहुतेक युरोपियन टर्बो इंजिनांना किमान ९५ ऑक्टेन लागतं, आणि ई१० किंवा ई२० (पेट्रोलमध्ये १० किंवा २० टक्के इथेनॉल) ची मर्यादाही तिथे किंवा पुस्तिकेत दिसते. तुमच्या गाडीला चालणारं पेट्रोल तुमच्या वाटेवर कोणत्या पंपावर मिळतं, त्याची यादी मोबाईलमध्ये ठेवा.

समुद्राजवळ राहत असाल तर दर पंधरा दिवसांनी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात लाल माती चाकांच्या कमानीत थापून बसते आणि ओल धरून ठेवते, ती बोटाने काढा. पडवीत किंवा मांडवाखाली गाडी लावत असाल तर आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा. उंदरांना वायरींचं आवरण फार आवडतं, आणि पाऊस सुरू झाला की ते उबेला इंजिनवर येतात. आम्ही बॉनेटखाली रात्रभर छोटा दिवा लावून ठेवतो, आणि भाताच्या गोणी गाडीपासून लांब हलवल्यात.